फिरता तारकानकाशा आणि बेळगावचे आकाश: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्यातील एका पुस्तकांच्या दुकानातून मी मराठी नावे छापलेला फिरता तारकानकाशा १८० रुपयांना विकत घेतला. तेव्हापासून खानापूर तालुक्यातील आमच्या घराच्या गच्चीवर आणि अधूनमधून येळ्ळूरच्या राजहंसगडावर तो सतत वापरात आहे. एका मोसमाच्या वापरावरून मत दिले असते, तर ते अपुरे ठरले असते. कारण या साधनाचा खरा कस आकाशाची पूर्ण प्रदक्षिणा झाल्यावरच लागतो, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर आकाश बहुधा ढगांनी बंदच असते.

रचना साधी आहे. खालच्या चकतीवर तारे आणि कडेला वर्षाच्या तारखा, वरच्या आवरणाला लंबवर्तुळासारखी खिडकी आणि तिच्या कडेला रात्रीचे तास. तारीख आणि वेळ एकमेकांसमोर आणली, की त्या क्षणी क्षितिजाच्या वर असलेले आकाश खिडकीत दिसते. नवख्याचा पहिला गोंधळ दिशांचा होतो, कारण येथे पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे असते. परंतु नकाशा जमिनीवर ठेवून पाहण्यासाठी नाही, तो डोक्यावर उलटा धरून पाहायचा असतो, हे एकदा उमगले की दिशा आपोआप जुळतात. उभे राहून पाहताना ज्या दिशेला तोंड असेल ती कड खाली धरावी. डिसेंबरच्या आरंभी रात्री नऊ वाजता मी प्रथम पूर्वेकडे तोंड करून नकाशा असा धरला, तेव्हा मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे सापडायला अर्धे मिनिटही लागले नाही. त्या बाणाची रेषा एका बाजूला वाढवली की व्याध आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी, आणि रोहिणीच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. उत्तरेला सप्तर्षी अजून उगवलेले नव्हते, तरी शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुवाचा अंदाज घेता आला.

मात्र काही दिवसांतच एक गोष्ट खटकू लागली. नकाशा जे तारे पूर्व क्षितिजावर दाखवी, ते आमच्याकडे बऱ्याच उशिरा वर येत. पूर्वेच्या झाडांमुळे आणि डोंगरामुळे असे होत असावे असे आधी वाटले. म्हणून ३१ जानेवारीला गच्चीवर गवंड्याचे दोन ओळंबे एकमेकांपासून काही अंतरावर टांगले, दोन्ही दोऱ्या ध्रुवाच्या रेषेत आणल्या आणि मग उलट बाजूने दक्षिणेकडे पाहत अगस्त्य या तेजस्वी ताऱ्याची वाट पाहिली. नकाशानुसार अगस्त्य नऊ वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास नेमका दक्षिणेला यायला हवा होता. प्रत्यक्षात तो दोऱ्यांच्या रेषेत आला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटे होऊन गेली होती.

याचे कारण नकाशाच्या चुकीत नसून आपल्या घड्याळात आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे, बेळगाव मात्र सुमारे ७४.५ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून आठ अंशांच्या फरकामुळे आपले आकाश घड्याळाच्या ३२ मिनिटे मागे असते. नकाशावरचे तास स्थानिक वेळेचे आहेत, आणि सोबतच्या माहितीपत्रकात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. मला ही या उत्पादनाची सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण शाळकरी मुलाला तारा ठरल्या जागी दिसला नाही, तर ते स्वतःच्या समजुतीलाच दोष देते आणि नकाशा कपाटात ठेवून देते. उपाय सोपा आहे: घड्याळात साडेनऊ वाजले असतील, तर चकती नऊवर लावावी. किंवा वेळ तशीच ठेवून तारीख आठ दिवस मागची घ्यावी, कारण तारे दररोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात आणि आठ दिवसांत तेवढाच हिशेब होतो. निपाणी, चिकोडी, खानापूर यांच्यासाठी हीच दुरुस्ती चालते. फरक पडला तर मिनिटभराचा.

दुसरी अडचण अक्षांशाची आहे. माझा नकाशा २० अंश उत्तर अक्षांशासाठी काढलेला आहे आणि आपण १६ अंशांच्या जवळपास राहतो. त्यामुळे ध्रुव नकाशात दिसतो त्यापेक्षा चार अंश खाली असतो, म्हणजे हात लांब केल्यावर साधारण दोन बोटांच्या रुंदीइतका. राजहंसगडावरून पाहताना हे फार जाणवते, कारण शहर उत्तरेला पडते आणि आधीच क्षितिजाजवळ असलेला ध्रुव दिव्यांच्या उजेडात जवळजवळ बुडून जातो. दक्षिणेला मात्र आपला लाभच आहे. त्रिशंकू या दक्षिणेकडील तारकासमूहाचा खालचा तेजस्वी तारा २० अंशांवर जेमतेम सात अंश वर चढतो, तर आपल्याकडे अकरा अंशांपर्यंत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साडेनऊच्या सुमारास, वळवाचे ढग नसतील तर, गडाच्या दक्षिण तटावरून त्रिशंकू आणि त्याच्या डावीकडे मित्र व मित्रक हे दोन तेजस्वी तारे स्पष्ट दिसतात. नकाशा मात्र त्रिशंकूला खिडकीच्या अगदी काठावर ढकलतो आणि त्याचा आकार इतका आडवा ताणतो, की तो ओळखणे कठीण होते. चकतीचा मध्य ध्रुवावर असल्यामुळे दक्षिणेकडील तारकासमूह जितके दूर तितके रुंदावतात. वृश्चिकसुद्धा प्रत्यक्षापेक्षा दुपटीहून अधिक फुगलेला दिसतो. दक्षिणेच्या आकाशासाठी मागच्या बाजूला स्वतंत्र नकाशा असलेली प्रत मिळाली, तर आपल्या भागातील वाचकांनी तीच घ्यावी.

या दोन्ही उणिवा मान्य करूनही मी नकाशाचे मनापासून कौतुक करतो, आणि त्याचे कारण मृग आहे. आमचे आप्पा साठ वर्षे भाताची शेती करत आले आहेत. ७-८ जूनला मृग लागतो, हे त्यांना पाठ आहे. पण मृग लागतो म्हणजे आकाशात नेमके काय होते, हे त्यांना कोणी दाखवले नव्हते. मी चकती ८ जूनच्या संध्याकाळी सातवर लावली आणि पश्चिम क्षितिजाला टेकलेला मृग त्यांना दाखवला. सूर्य त्या दिवसांत मृग नक्षत्रात असतो, म्हणून मृग त्याच्याबरोबरच मावळतो आणि ज्या नक्षत्राच्या नावाने पेरणीची घाई सुरू होते ते रात्री दिसतच नाही. मग मार्गशीर्षातील पौर्णिमेची संध्याकाळ लावली, तेव्हा तोच मृग पूर्वेला उगवताना दिसला. पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो म्हणून महिन्याचे नाव मार्गशीर्ष, हे पाहून आप्पांनी चकती स्वतःच्या हातात घेतली आणि कार्तिक, चैत्र असे महिने एकेक करून तपासले. शेजारच्या कन्नड घरातील आजोबाही येऊन बसले. त्यांच्याकडे हेच पाऊस ‘रोहिणी मळे’, ‘मृगशिर मळे’ या नावांनी ओळखले जातात, त्यामुळे त्यांना नकाशातील नक्षत्रे समजावून सांगावी लागली नाहीत. मोबाईलवरील ॲप समोरच्या ताऱ्याचे नाव चटकन सांगते, पण वर्षाचे चक्र असे बोटाने फिरवून दाखवत नाही. शिवाय त्याच्या पडद्याच्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात आणि सरावायला वीस-तीस मिनिटे जातात.

बांधणीबद्दल समाधान नाही. पुठ्ठा जाड असला तरी त्यावर प्लास्टिकचा थर नाही, आणि आमच्याकडील हिवाळ्यातील दहिवराने दोन महिन्यांत कडा फुगल्या. मधली खीळ सैल झाल्याने चकती तारखांच्या कडेवर दोन-तीन दिवसांइतकी सरकते. आयनिकवृत्त, म्हणजे ताऱ्यांमधून जाणारा सूर्याचा वार्षिक मार्ग, लाल शाईने छापले आहे; बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावून पाहिले की ती रेषा नाहीशी होते. ही रेषा उपयोगाची आहे, कारण तिच्या आसपास नकाशात नसलेला तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका दिसला तर तो ग्रह असल्याचे समजते. मी ती काळ्या पेनने पुन्हा आखून घेतली आहे.

किमतीच्या मानाने ही खरेदी मला पटली. पाचवीच्या पुढच्या मुलांच्या घरात हा नकाशा असावा. पण देण्यापूर्वी एखाद्या मोठ्या माणसाने नकाशाच्या पाठीवर ‘घड्याळातून ३२ मिनिटे वजा’ एवढे ठळक अक्षरांत लिहावे आणि पुठ्ठ्याला पारदर्शक प्लास्टिकचे वेष्टण घालावे. सुरुवात डिसेंबरमध्ये, अमावास्येच्या आसपास करावी.