तुपाचे 31,300 रुपये

आधी आकडा सांगून टाकते, लाज काय ती एकदाच वाटू दे: 31,300. दिवाळी 2024 साठी 22 किलो ‘ए-टू, बिलोना, देशी गाईचं’ तूप (ए-टू म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार, बिलोना म्हणजे दही घुसळून काढलेलं), 1,250 रुपये किलोने 27,500. वर ते भेसळीचं आहे हे कळायला लॅबची फी 3,800. त्यातलं माझं फक्त 4 किलो. बाकीचं 18 किलो सोसायटीतल्यांच्या गळ्यात मीच मारलं.

मी बावळट नाही हो. त्याच ऑगस्टात एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, ‘ए-वन, ए-टू लिहिणं बंद करा’ म्हणून फर्मान काढलं आणि आठवड्याच्या आत मागे घेतलं. यांचं यांनाच ठरत नाही, यांच्या शिक्क्यापेक्षा गोठ्यातला माणूस बरा, असं कुणालाही वाटलं असतं. तो तूपवाला ‘ताई, ताई’ करत रोज गाईंचे व्हिडिओ पाठवायचा. मी तर तुपात आयोडीनही टाकून पाहिलं! निळं झालं नाही म्हणून खूश. आयोडीनने फक्त स्टार्च कळतो, पामतेल नाही.

पण खरी माती खाल्ली ती गुणाकारात. देशी गाईच्या एक किलो तुपाला 25 ते 30 लिटर दूध लागतं. माझ्याकडे ते दूध 80 रुपये लिटरने येतं. म्हणजे नुसत्या दुधाचेच किमान 2,000. आणि हा 1,250 ला घरपोच! बँकेत 27 वर्षं आकडेमोड केली मी. भाव ऐकल्यावर ‘याला परवडतं कसं?’ हे मनात आलंही होतं. उत्तरही मीच दिलं: मधला दलाल नाही ना! त्याला खोटं बोलायचीसुद्धा गरज पडली नाही.

डब्यावरचा एफएसएसएआयचा परवाना क्रमांक मोजा. 14 आकडे असतात. माझ्या डब्यावर 13 होते, आणि ते मोजले पैसे गेल्यावर. 14 भरले तरी हुरळू नका. छोट्या उत्पादकाची नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, गोठा कुणी पाहिलेलाच असेल असं नाही.

लॅबच्या अहवालात बीटा-सिटोस्टेरॉल निघालं. ते वनस्पती तेलात असतं, गाईच्या तुपात नाही. तो कागद घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले तर ‘खासगी लॅबचं चालत नाही.’ बरं, तुम्ही नमुना घ्या. ‘डबा फोडलेला आहे.’ दुसरा सीलबंद दिला, तर पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. तिकडे तीन चकरा, साहेब दौऱ्यावर. मग अन्न सुरक्षा कायदाच काढून वाचला. कलम 40 प्रमाणे ग्राहकाला फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. फक्त विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. म्हणजे चोराला आधी वर्दी द्या! पोलीस चौकीत तर हवालदार विचारतो, ‘मॅडम, तूप खाऊन झालं ना?’

आगाऊ पैसे देऊ नका. एक डबा सीलबंद ठेवा. दुसऱ्यांसाठी तर अजिबात मागवू नका.

18 किलोचे 22,500 मी पदरचे परत केले. समोरच्या वहिनींनी पैसे मोजून घेतले आणि म्हणाल्या, “चव मात्र छान होती हो.”