एबीसीतून आणलेलं ग्रामरचं वर्कबुक, साडेतीन स्टार

मुलीच्या आठवीच्या इंग्रजीसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून, म्हणजे एबीसीतून, हे वर्कबुक आणलं, नाव नाही लिहीत कारण पुढे तक्रार पण आहे. पास्ट टेन्सचा भाग मात्र खरंच भारी जमलाय. नुसती गेलो-आलो टाइप वाक्यं नाहीत, आधी 'शी ओपन्ड द डोअर' देतात, मग त्यात 'ओल्ड वुडन' घालायला लावतात, मग 'स्लोली', आणि शेवटी 'बिकॉज' लावून दुसरं वाक्य जोडायचं, असं करत करत पोरगी स्वतःच लांबलचक वाक्यं लिहायला लागली. 'वुडन ओल्ड' का नाही, तर वय आधी आणि मटेरियल नंतर, हे मला चाळिशीत कळलं!

सगळ्यात आवडलं ते 'ऑल्दो'चं पान. आपण मराठीत जरी-तरी जोडीनेच बोलतो ना, म्हणून 'ऑल्दो इट रेन्ड, बट वी वेन्ट' असं हमखास लिहितो, इंग्रजीत दोघांपैकी एकच चालतं. 'हार्ड' आणि 'हार्डली' पण मस्त, 'ही वर्क्ड हार्ड' म्हणजे खूप राबला आणि 'ही हार्डली वर्क्ड' म्हणजे कामाच्या नावाने बोंब.

आता तक्रार. मागच्या उत्तरांत चुका आहेत, एका ठिकाणी तर 'डिड नॉट गो'च्या जागी चक्क 'डिड नॉट वेन्ट' छापलंय, आणि मुलगी म्हणते बाबा पुस्तकात आहे म्हणजे बरोबरच असणार, घ्या! कागदही पातळ, पेन मागे उमटतं. दुसरा भाग आला तर घेईन, पण उत्तरांची पानं आधी फाडून ठेवणार.