बिस्मथ सेलेनाइडचा क्रिस्टल: तीन स्टार, तेही पृष्ठभागाला

डबी उघडली तेव्हा तुकडा आरशासारखा चमकत होता. स्कॉच टेप लावून ओढला की पापुद्रे अलगद सुटतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण माहितीपत्रकात ठळक अक्षरांत ‘टोपोलॉजिकल इन्सुलेटर’ (आतून वीज अडवणारा, फक्त पृष्ठभागावरून वाहू देणारा पदार्थ) छापलंय, त्यातल्या ‘इन्सुलेटर’वर माझा आक्षेप आहे.

२ केल्विनपर्यंत थंड केला. रेझिस्टन्स चढायला हवा होता, हा पठ्ठ्या धातूसारखा उतरतच गेला! हॉल मोजला (चुंबकक्षेत्रातल्या आडव्या व्होल्टेजवरून इलेक्ट्रॉन मोजायची पद्धत), तर घन सेंटिमीटरमागे १०¹⁹ इलेक्ट्रॉन. दुखणं जुनंच: क्रिस्टल वाढवताना सेलेनियम उडतं, रिकामी झालेली प्रत्येक जागा दोन इलेक्ट्रॉन सोडते आणि फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेत ती ऊर्जेची पातळी) कंडक्शन बँडमध्ये, म्हणजे वीज वाहते त्या ऊर्जापट्ट्यात, जाऊन बसते. कंपनीला कळवलं, तर त्यांनी एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी क्रिस्टलची रचना तपासायची चाचणी) सुरेख आलेख पाठवला. अहो, हिशेबाने साधारण चार हजार सेलेनियममागे एक जागा रिकामी. ती एक्सआरडीत काय दिसणार?

सरफेस स्टेट, म्हणजे पृष्ठभागावरची वीज वाहणारी अवस्था, मात्र ठणठणीत. आर्पेसवाल्या (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा आणि दिशा मोजणाऱ्या) मैत्रिणीने त्याच तुकड्याचा ताजा पापुद्रा व्हॅक्यूममध्ये काढला आणि डिरॅक कोन (सरफेस स्टेटची शंकूसारखी खूण) स्वच्छ दिसला. पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याच्या अंगचा चुंबकी कल) त्याच्या जाण्याच्या दिशेशी बांधलेला असतो. सरळ मागे फिरायचं तर स्पिनही उलटावा लागतो, आणि बिनचुंबकी दोषाला ते जमत नाही. तिरकं विखुरणं चालूच राहतं, म्हणून ‘डिसऑर्डरचा काही फरक पडत नाही’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लोखंड-मँगनीजसारखी चुंबकी भेसळ असेल तर हे संरक्षणही गेलं.

म्हणजे दोषांनी सरफेस स्टेट मारली नाही, बल्कच्या (क्रिस्टलच्या आतल्या भागाच्या) गर्दीत बुडवली. मॅग्नेटोरेझिस्टन्समध्ये (चुंबकक्षेत्रासोबत बदलणाऱ्या रेझिस्टन्समध्ये) वीक अँटिलोकलायझेशनचं टोक दिसलं, ही सरफेस स्टेटची नेहमीची खूण; फिटमध्ये अल्फा, म्हणजे वीज किती स्वतंत्र वाटांनी (चॅनलनी) वाहते ते सांगणारा आकडा, उणे ०.५च्या आसपास आला, म्हणजे एक चॅनल. पण त्यावर हुरळून जाऊ नका. बल्कने वरचा-खालचा पृष्ठभाग एकमेकांना जोडले तरी एकाच चॅनलचा हाच आकडा येतो. मी यात दोन आठवडे घालवले.

नंतर त्यांच्याकडूनच बिस्मथ टेल्युरियम सेलेनाइड मागवला. थंड करताना रेझिस्टन्स चढला, रेझिस्टिव्हिटी १ ओहम-सेंटिमीटरच्या वर गेली. ट्रान्सपोर्टवाल्यांनी (वीज कशी वाहते ते मोजणाऱ्यांनी) तोच घ्यावा, आणि पापुद्रा काढल्यावर हवेत ठेवू नये. माझा एक नमुना तसाच राहिला आणि त्यात इलेक्ट्रॉन आणखी वाढले.

पहिला तुकडा मैत्रिणीलाच देऊन टाकला. ती खुश आहे.