मोडी शिकायच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नऊ महिने : माझा अनुभव

मी जूनमध्ये जॉइन झाले तेव्हा असा सविस्तर अनुभव कुणी लिहिलेला मिळतो का ते खूप शोधलं होतं, नाही मिळाला, म्हणून आता मीच लिहितेय. लांब होणार आहे. ग्रुपचं नाव देत नाहीये कारण ॲडमिन ताईंनी तसं सांगितलंय, एकदम गर्दी झाली की शिकवणं होत नाही म्हणतात. पण असे ग्रुप बरेच आहेत आणि मोडी वर्गाला गेलात की तिथलं कुणीतरी ॲड करतंच.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. माण तालुक्यातलं आमचं गावचं घर उतरवायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल फडक्यात गुंडाळलेले सहा कागद सापडले. बाबा म्हणाले मोडी आहे, मराठी लिहायची जुनी लिपी, आजोबा शाळेत शिकले होते, त्यांना घडाघडा वाचता यायचं. आजोबा जाऊन चौदा वर्षं झाली. म्हणजे ते होते तोवर कागद माळ्यावर आणि कागद हातात आले तेव्हा वाचणारं घरात कुणी नाही, हे माझ्या मनाला फार लागलं आणि मी दुसऱ्याच दिवशी पुस्तक घेऊन आले.

मुळाक्षरं तीन आठवड्यात आली. बाराखडीही आली. पुस्तकातले धडे वाचता यायला लागले आणि मग मोठ्या उत्साहाने ट्रंकेतला कागद उघडला तर एक ओळ वाचता येईना! ज्यांनी मोडी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, यात आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत जायचं, हात शक्यतो न उचलता. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यात जागा वाचवायला निम्मे शब्द तोडून लिहिलेले, राजश्रीचं नुसतं रा आणि पुढे उभी रेघ. आणि हस्ताक्षर म्हणाल तर पुस्तकातलं छापील वळण कुठे आणि गावच्या लिहिणाऱ्याने घाईत लिहिलेला दस्त कुठे. एकटीने बसून हे होत नाही हे मला त्या रात्री कळलं.

ग्रुपचं काम असं चालतं. सकाळी साडेसातला ॲडमिन ताई एका जुन्या कागदातली एक ओळ टाकतात. एकच ओळ. दिवसभर आपापले अंदाज लिहायचे पण पूर्ण वाचन रात्री नऊच्या आत कुणी टाकायचं नाही, म्हणजे नवीन माणसाला प्रयत्न करायला वाव राहतो. नऊला उत्तर, आणि त्यानंतर साडेदहापर्यंत गप्पा. गुड मॉर्निंग, फॉरवर्ड, राजकारण बंद. मेंबर अडीचशेच्या आसपास असतील, बोलणारे पंचवीस-तीस.

पहिले दोन आठवडे मी काहीच लिहिलं नाही, नुसती बघायचे. मग एका पेशवेकालीन पत्राची ओळ आली आणि त्यात मला स्पष्ट 'खमस सबैन' असं दिसलं, मी धीर करून लिहिलं की हे कुणाचं तरी नाव वाटतंय. कुणी हसलं नाही. नाशिकच्या एक ताई आहेत, निवृत्त शिक्षिका, त्यांनी लगेच लिहिलं, "अक्षरं बरोबर लावलीस गं, आता अर्थ मी सांगते." तो शुहूर सन, जुन्या मराठी कागदांवर वापरायची एक कालगणना. आकडे अरबी शब्दांत लिहायचे आणि एककापासून सुरू करायचे. खमस म्हणजे पाच, सबैन सत्तर, आणि ओळीत त्याच्या पुढे होतं ते मया शंभर, अलफ हजार, मिळून ११७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणजे इसवी सन १७७४-७५. संध्याकाळी त्यांनी मला एक व्हॉइस नोट पाठवली, पाढे म्हणतात तशा चालीत, अहिदे इसन्ने सलास अर्बा खमस... ती मी ठाण्याहून मशीदला जाता येता लोकलमध्ये इतक्या वेळा ऐकली की आता शुहूर सन दिसला की त्यांच्या आवाजातच वाचला जातो. त्यांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेली नाही. माझ्या मुलीला दहावीला किती पडले ते मात्र मी आईच्या आधी त्यांना कळवलं.

असंच होत जातं बघा. सुरुवातीला सगळं अक्षरांवर बोलणं, मग हळूहळू कोण कधी ऑनलाइन येतं त्यावरून त्या माणसाचा दिवस कळायला लागतो. सातारचे दादा एसटीत आहेत, रात्रपाळी असली की त्यांचा मेसेज पहाटे चारला येतो. एकीचं बाळ आठ महिन्यांचं आहे, ती फक्त बाळ झोपलं की लिहिते आणि मधेच अर्ध्या वाक्यात गायब होते, मग कुणीतरी "उठला वाटतं" असं लिहितं. चेन्नईचे एक अण्णा आहेत, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. पिढ्यान् पिढ्या तिकडेच, घरी मराठी बोलतात पण लिहायची सवय तमिळची, त्यामुळे ते टाइप न करता बोलूनच पाठवतात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांच्या बोलण्यात कधीकधी असा शब्द येतो की तो आम्ही फक्त जुन्या पत्रात वाचलेला असतो आणि ते तो सहज स्वयंपाकघरातल्या गोष्टीसाठी वापरत असतात. त्यांची व्हॉइस नोट आली की मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकते.

आता माझ्या कागदाचं. ग्रुपवर स्वतःचा कागद टाकायला दोन महिने थांबायला सांगतात आणि ते योग्यच आहे. फोटो कसा काढायचा तेही शिकवतात : खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश नाही, कागदाला घडी असेल तर जोर लावून सरळ करायची नाही, आणि पाठवताना साधा फोटो न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा म्हणजे झूम केल्यावर अक्षर फुटत नाही. आणि लॅमिनेशन करायचं नाही! सेलोटेप लावायचा नाही! एका मेंबरने आमच्यात यायच्या आधी सगळे कागद लॅमिनेट करून घेतले होते, आता ते निघत नाही आणि आतून पिवळे पडत चाललेत. कृपा करून कुणी करू नका.

माझा कागद स्टँपपेपरवरचा. तिसऱ्या ओळीत मला 'दुरमुख' दिसत होतं आणि काही केल्या अर्थ लागेना. तेव्हा तात्यांनी पहिल्यांदा मला वेगळा मेसेज केला. तात्या म्हणजे सांगलीकडचे निवृत्त तलाठी, वय सत्तरच्या पुढे, ग्रुपवर सगळे त्यांना तात्याच म्हणतात. ग्रुपवर विचारून मगच मेसेज केला त्यांनी, ही त्यांची पद्धत. लिहिलं होतं, "ताई, ते संवत्सराचं नाव आहे. दुर्मुख नाम संवत्सरे. आता त्याच्या आधीचे आकडे बघा बरं." बघितलं तर शके १८१८. महिना पौष, पक्ष वद्य. म्हणजे जानेवारी १८९७.

मी खूश, वर्ष लागलं म्हणून. तात्यांनी मात्र विचारलं, "त्या साली तुमच्याकडे काय होतं ठाऊक आहे का?" १८९६-९७ चा दुष्काळ. मुंबईत प्लेग शिरलेला, आणि इकडे आमच्या माणदेशात पाऊस नाही. मग पुढच्या ओळींकडे बघायची माझी नजरच बदलली. ते गहाणखत होतं. माझ्या खापरपणजोबांनी जिराईत जमीन गहाण टाकून रुपये घेतले होते. किती, ते अक्षरी लिहिलेलं वाचायला मला तीन दिवस लागले, कारण 'पाउणसे' हे सलग पुढच्या शब्दाला चिकटलेलं आणि मी ते चुकीच्या जागी तोडत होते. पाऊणशे रुपये. पंच्याहत्तर. आकड्यातही लिहिलेलं होतं, पण नेमकी त्या आकड्यावरूनच घडी गेलेली.

दिवाळीनंतर तात्या एकदम दिसेनासे झाले. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. त्यांचा अंदाज आला नाही असा दिवस कुणाला आठवत नव्हता. तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या घरचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नाही. रोज बोलतो, नातवंडांची दुखणीखुपणी माहीत, पण गावाचं नावसुद्धा नक्की माहीत नाही. ते अकरा दिवस फार वाईट गेले, नऊ वाजता उत्तर यायचं आणि त्यावर कुणी गप्पाच मारायचं नाही. बाराव्या दिवशी त्यांच्या सुनेचा मेसेज आला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, थोडा त्रास झाला, आता बरे आहेत पण डॉक्टरांनी मोबाईल बघायला सक्त मनाई केलीय, आणि ते सारखं विचारतात की आजची ओळ काय होती.

मग आम्ही पाळी लावली. रोज एकाने फोन करून त्यांना ओळ वाचून दाखवायची. मंगळवार-शुक्रवार माझा. आता बिना तोडलेली ओळ फोनवर वाचणार कशी, तर मी एकेक अक्षर म्हणत जायची, "मौ, जे, म, ज, कु, र, पै, की..." आणि पलीकडून तात्या डोळे मिटून ऐकत असणार, ते मधेच म्हणायचे, "थांबा. मौजे मजकूर पैकी, म्हणजे सदर गावापैकी. पुढं." डोळ्यांनी दोन-दोन दिवस न सुटणारी ओळ कानाने दोन मिनिटांत सुटायची! चाळीस वर्षं दप्तर वागवलेला माणूस, चतुःसीमा म्हटलं की पूर्वेस काय आणि दक्षिणेस काय येणार हे त्यांना अक्षराआधीच ऐकू यायचं. मी तेव्हापासून एकटी असले तरी मोठ्याने वाचते. खरंच फरक पडतो, करून बघा. महिन्याभराने डॉक्टरांनी परवानगी दिली, पण आमचा मंगळवारचा फोन अजून चालू आहे. आणि आता प्रत्येकाच्या घरच्या एका माणसाचा नंबर ॲडमिन ताईंकडे लिहून ठेवलाय.

न आवडलेलंही सांगायला हवं. सप्टेंबरमध्ये एका पत्रातल्या घराण्यावरून भांडण पेटलं, कोण कुणाचा चाकर होता वगैरे, दोन दिवसांत अक्षरांचा विषय मागे पडून माणसं एकमेकांची आडनावं काढायला लागली. ॲडमिन ताईंनी चार दिवस ग्रुप बंद ठेवला, तिघं सोडून गेले, त्यातले एक फार चांगलं वाचणारे होते, बिवलकरी वळण (मोडी लिहायची एक जुनी शैली) त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून नियम आहे, कागदात काय लिहिलंय तेवढंच वाचायचं, निवाडा करायचा नाही.

दुसरं म्हणजे बायकांसाठी, मला दोन अनोळखी मेंबरांनी उगाच रात्री वेगळे मेसेज केले होते. मी स्क्रीनशॉट ताईंना पाठवले, त्याच दिवशी दोघांना काढलं. लाजू नका, लगेच सांगा. आणि एकाने मला मूळ कागद कुरिअरने पाठवा, मी नीट वाचून परत करतो असं सांगितलेलं. मी पाकीटसुद्धा आणलं होतं. बरं झालं आधी तात्यांना विचारलं. मूळ कागद कुणालाही, अगदी कुणालाही द्यायचा नाही.

अजून एक, कोर्टासाठी किंवा दाखल्यासाठी वाचन हवं असेल तर असे ग्रुप त्यासाठी नाहीत. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून रोज कुणीतरी येऊन फोटो टाकतं आणि तासाभरात उत्तर मागतं. त्यांची गरज खरी असते, मला समजतं, पण ग्रुपवरच्या वाचनाला कागदोपत्री किंमत नाही. त्यासाठी अधिकृत भाषांतरकार बघा. आणि पाया पक्का करायचा असेल तर पुराभिलेख संचालनालयाचे किंवा पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग असतात, तिथे आधी जाऊन या. ग्रुपवर कुणी मुळाक्षरांपासून शिकवत बसत नाही.

वेळ किती जातो, तर माझा रोजचा पाऊण तास. कधी जास्त. घरचे आधी कुरकुरले, आता बाबाच नऊला विचारतात आज काय निघालं.

ट्रंकेतले सहापैकी दोन कागद वाचून झाले. गहाणखताची शेवटची ओळ फेब्रुवारीत लागली, एका मंगळवारी, फोनवर. साक्षीदारांची नावं झाली, लिहिणाऱ्याचा दस्तुर (कागद कुणाच्या हातचा ती नोंद) झाला, आणि डाव्या बाजूला खाली एक आकृती होती जी मी इतके महिने शाईचा डाग समजून सोडून देत होते. तात्यांना म्हटलं, इथे काहीतरी वाकडी रेघ आहे, तिला खाली एक फाटा आहे. ते म्हणाले, "फाट्याच्या वर मूठ असल्यासारखं दिसतंय का?" मी झूम केलं. दिसत होतं. "मग ती निशाणी आहे ताई. नांगर. ज्याला सही येत नव्हती तो कुणबी नांगर काढायचा. तुमच्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने काढलाय तो." बाबा शेजारीच बसले होते, फोन स्पीकरवर होता. त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ त्या नांगराकडे बघत राहिले, आणि पलीकडे तात्याही काही न बोलता फोन धरून थांबले.