लॉजिटेक जी२९: मागची चाके सुटल्यावर हातांना काय कळते?

रेसिंग गेमसाठी स्टिअरिंग व्हील घेताना बहुतेक जण ते किती अंश फिरते, त्यावर किती बटणे आहेत आणि ते कोणत्या कन्सोलवर चालते एवढेच पाहतात. माझ्या मते व्हीलची खरी परीक्षा वेगळ्याच ठिकाणी होते. भर वळणात गाडीचा मागचा भाग सुटला, म्हणजे ओव्हरस्टिअर झाला, की ते व्हील हातांना काय सांगते आणि किती लवकर सांगते, हे पाहायला हवे. २०१५ साली बाजारात आलेले लॉजिटेकचे जी२९ आपल्याकडे आजही अनेकांचे पहिले व्हील असते, म्हणून त्याची तपासणी मी याच एका कसोटीवर केली आहे. पीसीवर ‘असेटो कोर्सा’ आणि प्लेस्टेशनवर ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हे दोन गेम मी त्यासाठी वापरले.

ओव्हरस्टिअरमध्ये मागच्या टायरांची पकड पुढच्या टायरांच्या आधी संपते आणि गाडी वळणाच्या आतल्या बाजूला गरजेपेक्षा जास्त फिरू लागते. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्यालाही हा अनुभव क्वचितच येतो. खऱ्या गाडीत मागचा भाग सुटल्याचे आधी कंबरेला आणि पाठीला जाणवते. घरातल्या खुर्चीत मात्र ती जाणीव अजिबात नसते. उरतात ते डोळे, टायरांचा आवाज आणि हातातले व्हील. पडद्यावर गाडीचे नाक वळलेले दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, आणि म्हणूनच फोर्स फीडबॅकचे, म्हणजे मोटरच्या बळाने व्हील हातांना देत असलेल्या ओढीचे, महत्त्व इतके मोठे आहे.

पुढच्या चाकांची बसवणूकच अशी असते की गाडी प्रत्यक्षात ज्या दिशेला चालली आहे, त्या दिशेला ती आपोआप वळू पाहतात. मागचा भाग बाहेर गेला की स्टिअरिंग स्वतःहून उलट्या बाजूला, म्हणजे काउंटर-स्टिअरच्या दिशेला, फिरू लागते. चांगल्या सिम्युलेशनमध्ये हे बळ गणिताने काढून व्हीलच्या मोटरकडे पाठवले जाते. चालकाने त्या ओढीला अडवायचे नाही, पकड थोडी सैल करून व्हील तळव्यांतून फिरू द्यायचे आणि योग्य कोनावर थांबवायचे. एवढे जमले की गाडी सावरली असे नवख्याला वाटते, पण काम तिथे अर्धेच झालेले असते. मागच्या टायरांना पकड परत मिळण्याआधीच व्हील सरळ करायला सुरुवात करावी लागते. तसे केले नाही, तर पकड येताच गाडी वळलेल्या पुढच्या चाकांच्या दिशेने झटक्यात उसळते आणि दुसरी घसरण पहिलीपेक्षा वाईट होते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकचे पहिले वळण, पॅडॉक हिल बेंड. हे उजवे वळण घेतानाच रस्ता एकदम खाली उतरतो आणि नेमक्या त्या क्षणी गाडीचा मागचा भाग हलका होतो. ‘असेटो कोर्सा’मधली बीएमडब्ल्यू एम३ ई३० तिथे चालवून पाहावी. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या या जुन्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाके घसरू लागताच ताकद कमी करणारी यंत्रणा, नाही. उतारावर ॲक्सिलरेटर अचानक सोडला, तर वजन पुढे सरकते आणि मागची बाजू डावीकडे सुटते. जी२९ वर हा क्षण स्पष्ट कळतो: उजवीकडे धरून ठेवलेल्या व्हीलमधला ताण किंचित बदलतो आणि लगेच ते डावीकडे ओढू लागते. इथपर्यंत हे व्हील प्रामाणिक आहे, आणि त्याच्या वर्गात ही मोठी गोष्ट आहे.

अडचण परतीच्या प्रवासात येते. जी२९ मध्ये दोन मोटर आहेत आणि त्यांचे बळ तिरप्या दात्यांच्या गिअरमधून व्हीलच्या दांड्यापर्यंत पोहोचते. कमाल बळ २ न्यूटन-मीटरपेक्षा थोडेच अधिक आहे आणि अगदी मधोमध, सरळ स्थितीच्या आसपास, सूक्ष्म बळ गिअरच्या घर्षणातच विरून जाते. काउंटर-स्टिअर सोडून व्हील सरळ आणताना नेमका हाच टप्पा पार करायचा असतो. ज्या क्षणी मागच्या चाकांनी पुन्हा पकड घेतल्याचे हातांना कळायला हवे, त्याच क्षणी व्हील काही काळ गप्प होते. व्हीलच्या दांड्याला थेट मोटर जोडलेल्या ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ प्रकारात ही शांतता नसते. मोझा आर५ सारख्या ५.५ न्यूटन-मीटरच्या व्हीलवर तेच वळण घेतले की फरक पहिल्याच लॅपमध्ये समजतो. शिवाय मोठी घसरण झाली की जी२९ हवे तितक्या वेगाने स्वतःहून फिरत नाही, त्याला हातांनी मदत करावी लागते. ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत चालवणे, हाच मुख्य छंद असेल, तर मी हे व्हील सुचवणार नाही.

सेटिंगने यातले बरेच काही सुधारता येते, आणि ते न करता या व्हीलला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये फिरण्याची मर्यादा ९०० अंशांवर ठेवावी आणि व्हीलला मध्यभागी ओढणारी कृत्रिम स्प्रिंग पूर्ण बंद करावी. गाडी कुठेही घसरत असली, तरी ही स्प्रिंग व्हीलला मध्यभागीच खेचत राहते, म्हणजे काउंटर-स्टिअरच्या थेट आड येते. त्यानंतर ‘असेटो कोर्सा’मध्ये ‘मिनिमम फोर्स’, म्हणजे व्हीलला पाठवले जाणारे किमान बळ, हळूहळू वाढवत न्यावा. मी तो १० टक्क्यांच्या आसपास ठेवतो. त्याने मधली शांतता बरीच भरून निघते, पण तो फार वाढवला तर सरळ रस्त्यावर व्हील डावी-उजवीकडे थरथरू लागते.

याउलट एकूण बळ, म्हणजे ‘गेन’, शक्य तितके जास्त ठेवण्याचा मोह टाळावा. गेमने मागितलेले बळ मोटरच्या कुवतीबाहेर गेले की व्हील आपल्या कमाल मर्यादेवर अडकून राहते, आणि मग वळणात ताण कमी-जास्त झाल्याचे कळतच नाही. मागची चाके सुटण्याआधीची सूचना असते ती नेमक्या याच चढउतारात. ‘असेटो कोर्सा’मध्ये पेडल दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत फोर्स फीडबॅकची पट्टी असते, ती वळणांमध्ये सतत लाल होत असेल तर गेन कमी करावा. व्हील थोडे हलके लागेल, पण बोलके होईल. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये काउंटर-स्टिअरला मदत करणारी सेटिंग आहे, ती शिकण्याच्या काळात बंदच ठेवावी.

पेडलांविषयी थोडक्यात. ब्रेकच्या पेडलाखाली रबराचा कडक ठोकळा असल्याने अर्ध्यानंतर ते खूप जड होते. काहींना ते खुपते, मला ते उपयोगी वाटते. ओव्हरस्टिअरच्या दृष्टीने ॲक्सिलरेटर जास्त महत्त्वाचा आहे, कारण घसरण सावरताना पाय एकदम काढून घेण्यापेक्षा थोडा दाब कायम ठेवणे बहुतेक वेळा योग्य ठरते आणि त्यासाठी लागणारा बारकावा या पेडलात आहे. पेडलांच्या तळाची पकड गालिच्यावर चांगली बसते, पण आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर जोरात ब्रेक दाबताच तो अख्खा संच मागे सरकतो. तो भिंतीला टेकवून ठेवावा किंवा एखाद्या फळीवर स्क्रूने पक्का करावा. व्हीलसाठीही टेबल जड हवे. पातळ फळीचे टेबल हलले की फोर्स फीडबॅकचा बारीक भाग हातांपर्यंत येण्याऐवजी लाकडातच जिरतो.

जी२९ प्लेस्टेशन आणि पीसीवर चालते. एक्सबॉक्सवाल्यांनी त्याचे भावंड जी९२० घ्यावे. हाताने वापरायचा गिअर लिव्हर वेगळा विकत घ्यावा लागतो, पण गिअर बदलणाऱ्या व्हीलमागच्या पॅडलांनी सुरुवातीला उत्तम काम भागते.

वापरलेले जी२९ घेणार असाल, तर पैसे देण्याआधी ते लॅपटॉपला जोडून पडद्यावर पेडलांचा दाब दाखवणारी पट्टी नीट पाहा. पेडलांची स्थिती आत बसवलेल्या पोटेन्शिओमीटरने मोजली जाते आणि त्यावर धूळ बसली की पाय स्थिर असतानाही आकडा उड्या मारतो. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटरने अशी एक उडी घेतली, तर मागची चाके सुटतील आणि दोष चालकाच्या पायाचा नसूनही तो तासन्‌तास स्वतःची चूक शोधत बसेल. ॲक्सिलरेटर अगदी हळू दाबत न्या. पट्टी कुठेही न अडखळता चढली, तरच पुढचा सौदा करा.