घडीच्या कोड्यांचा संच: कागद अव्वल, पण उत्तर सांगायची फार घाई

कागदाच्या घड्यांची कोडी करायचा मला नाद आहे. त्यामुळे असा तयार संच हातात आला की मी चित्रांआधी कागद बघते. या संचाचा कागद अगदी हवा तसा आहे, 120 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाच्या) आसपासचा. याहून जाड असला तर सहा चेहऱ्यांचा षटकोन, म्हणजे उलगडला की दर वेळी वेगळी बाजू वर आणणारी कागदी घडी, उलगडताना अडतो, पातळ असला तर घड्या लगेच मऊ पडतात. शिवाय घडीच्या रेषा आधीच दाबून दिल्यात आणि त्या दोन्ही बाजूंना सारख्याच सहज दुमडतात. मोजपट्टी आणि रिकामी रिफिल घेऊन हे काम स्वतः करणाऱ्यांना त्याचं मोल लगेच कळेल.

अशा उलगडत्या घडीला फ्लेक्सॅगॉन म्हणतात. तीन चेहऱ्यांचा फ्लेक्सॅगॉन 10 त्रिकोणांच्या पट्टीतून पटकन होतो. खरी मजा सहा चेहऱ्यांसाठीच्या 19 त्रिकोणांच्या पट्टीत आहे. तिच्या पुढच्या बाजूला 1, 2, 3 आणि मागच्या बाजूला 4, 5, 6 हे आकडे असतात. मागच्या बाजूचे सारखे आकडे एकमेकांवर येतील अशी ती वळवत न्यायची: 4 वर 4, 5 वर 5, 6 वर 6. पट्टी जवळपास निम्मी होते. मग तिची षटकोनी घडी घालून टोकाचे त्रिकोण चिकटवायचे. शेजारचे दोन त्रिकोण चिमटीत धरून समोरचा कोपरा आत ढकलला की मधोमध फट पडते, षटकोन उमलतो आणि नवाच चेहरा वर येतो. 1, 2, 3 हे चेहरे वारंवार भेटतात. 4, 5, 6 मात्र लपून बसतात.

त्यांना शोधायची एक पक्की रीत आहे. एकाच कोपऱ्यावर उघडत राहायचं, तो अडला की शेजारच्या कोपऱ्यावर जायचं. 12 उलगड्यांत सहाही चेहरे दिसतात, पहिले तीन प्रत्येकी तीनदा आणि उरलेले एकेकदाच. ही रीत पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापली आहे, आणि हे मला मुळीच पटलेलं नाही. 1939 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्याने अमेरिकन कागद आपल्या फाइलीत बसावेत म्हणून कापले आणि उरलेल्या पट्ट्या दुमडता दुमडता त्याला हा षटकोन गवसला. मग टकरमन, फाइनमन आणि टुकी हे मित्रही त्यात रमले, आणि वरची रीत टकरमनने शोधली. विकत घेणाऱ्यालाही थोडं शोधू द्या की!

संचातल्या नकाशाच्या कोड्याचंही तेच. दोन ओळींत चार-चार असे आकडे घातलेले आठ चौकोन असलेला कागद नकाशासारखा, 1 ते 8 क्रमाने थप्पी होईल असा दुमडायचा. आठ आकड्यांचे क्रम 40,320 होतात, पण अशा दोन ओळींच्या कागदाच्या घडीतून त्यातले फक्त 320 च येतात, म्हणून हे कोडं इतकं सुंदर आहे. त्याचं उत्तर त्याच कागदामागे छापलंय आणि उजेडात धरलं की आरपार दिसतं. ते वेगळ्या पानावर हवं होतं.

गडद रंगाच्या पट्ट्यांवर घडीपाशी शाई उडून पांढऱ्या रेघा पडतात, फिक्या रंगांना हा त्रास नाही. सोबतच्या कोऱ्या पट्ट्या मात्र उदार हाताने दिल्या आहेत. रंगीत पेन्सिलीने नक्षी काढा. 1, 2, 3 पैकी एखादा चेहरा परत वर आला की कधी कधी मधले कोपरे कडेला गेलेले असतात आणि तुमचीच नक्षी निराळी दिसते.

घ्या जरूर. फक्त कुणाला पुस्तिका देण्याआधी पहिलं पान काढून ठेवा, आणि चिकटवायला पातळ डिंकाऐवजी ग्लू-स्टिक वापरा, म्हणजे कागद फुगत नाही.