दुधाचा चहा, कोरा चहा की ग्रीन टी?

खान्देशात कुणाच्याही घरी गेलं की पाण्याच्या तांब्यामागोमाग "च्या टाकते" हे ठरलेलं. बाहेर पारा ४५ अंशांवर असला तरी चहा चुकत नाही. म्हणूनच शुगर किंवा वजन वाढलं की लोक विचारतात, ग्रीन टी सुरू करू का?

दोन्ही चहा एकाच झाडाचे. पानं तोडल्यावर लगेच वाफवली किंवा भाजली की ग्रीन टी होतो. चिरडून हवेवर काळवंडू दिली की आपली दाणेदार पावडर होते. हिरव्यात कॅटेचिन नावाची द्रव्यं टिकतात, काळ्यात त्यांचंच थिआफ्लेविन बनतं. उपयोगी दोन्ही. कॅफिन काळ्यात कपाला साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम, हिरव्यात त्याहून कमी. रात्री झोप लागत नसेल तर एवढ्यासाठी ग्रीन टी बरा.

ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. तिथे बहुतेक जण काळा चहाच पितात. रोज दोन किंवा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला, दूध घातलेलं असो वा नसो. चहामुळेच आयुष्य वाढतं असं यावरून सिद्ध होत नाही, पण दुधाच्या चहाला विष म्हणायचंही कारण नाही. २००७ मध्ये बर्लिनच्या एका प्रयोगात दुधामुळे रक्तवाहिन्यांवरचा चहाचा चांगला परिणाम नाहीसा झाला होता, पण त्यात फक्त १६ बायका होत्या. तेवढ्यावरून मी दूध बंद करणार नाही.

साखर मात्र नक्की कमी करेन. कपात दोन चमचे म्हणजे ८ ते १० ग्रॅम. पाहुणचार धरून दिवसाचे पाच कप झाले की ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. शुगरवाल्याने ग्रीन टीचा डबा आणण्याआधी हा चमचा मोजावा. बिनसाखरेचा कोरा चहा लिंबू पिळून घेतला तर त्याचं काम भागतं, आणि खर्चही वाढत नाही.

उकळता चहा घशाखाली ओतू नका. ६५ अंशांपेक्षा गरम पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं. आपले आजोबा बशीत ओतून, फुंकर मारून प्यायचे, तेच बरोबर होतं.

वजनासाठी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मिळतात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. जास्त मात्रेत यकृताला त्रास होतो.

आता बायकांसाठी. माझी आई सकाळी बाजरीची भाकरी कपात कुस्करून खायची. भाकरी मऊ होऊन वर साय तरंगायची, आणि शेवटच्या घोटाबरोबर रक्तवाढीची गोळी. हिमोग्लोबिन काही वर सरकेना. चहातले टॅनिन भाकरीतलं आणि गोळीतलं लोह धरून ठेवतात, शरीरात नीट जाऊ देत नाहीत. ग्रीन टीही तेच करतो, म्हणून इथे चहा बदलून उपयोग नाही, वेळ बदलायला हवी. जेवण आणि चहात किमान तासभर अंतर ठेवा. जेवताना गरम काही हवंच असेल तर मोरीजवळचा गवती चहा नुसत्या पाण्यात उकळा. तो चहाच्या झाडाचा नाही, त्यात कॅफिनही नसतं.

आई आता भाकरी डाळीबरोबर खाते, गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते. तिचा दुधाचा चहा दहा वाजता असतो, एक चमचा साखरेचा, शेजारच्या काकू आल्या की.